रंग चढला तरच नाव खरे : कांद्याच्या मूलाग्रासाठीचा रंजन संच

डबा उघडला की सर्वांत वर घडी घातलेले माहितीपत्रक आहे. त्याचे पहिलेच वाक्य : ‘क्रोमोसोम म्हणजे रंगीत शरीर.’ शब्दाची फोड म्हणून हे बरोबर आहे. ग्रीक भाषेत ‘क्रोमा’ म्हणजे रंग आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर. पण पत्रक तिथेच थांबते, आणि वाचणाऱ्याच्या मनात पेशीत मुळातच रंगीत काड्या असल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात कांद्याच्या मुळाचे टोक नुसत्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गुणसूत्रे (क्रोमोसोमचे मराठी नाव) जवळजवळ अदृश्य असतात. त्यांना स्वतःचा रंग नाही. ती रंग धरतात, आणि पेशीतल्या इतर बहुतेक भागांपेक्षा जास्त धरतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले.

हा फरक लहान वाटतो, पण संच कसा आहे ते यावरूनच ठरवायला हवे. ज्याचे नावच रंगवण्याच्या कृतीतून आले, ते दाखवण्यासाठी हा संच आहे. मूळ कापल्यापासून काच दाबेपर्यंत एखादी पायरी चुकली तर स्लाइडवर दिसतो गुलाबी लगदा. शब्द पाठ होतो, वस्तू दिसत नाही.

संचात अ‍ॅसिटोकारमाईनची एक बाटली, अ‍ॅसिटो-ऑर्सीनची एक, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाची एक, पेशी आहे तशी थांबवणाऱ्या तयार स्थिरीकरण द्रावाची एक आणि ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाची एक लहान बाटली आहे. सोबत स्लाइड, कव्हर स्लिप, दोन सुया, एक चिमटा, दोन वॉच ग्लास आणि टिपकागद. स्पिरिटचा दिवा, थर्मामीटर आणि ७० टक्के अल्कोहोल आपले आपण आणायचे. दिवा नसल्याची तक्रार नाही, तो कुठल्याही प्रयोगशाळेत असतो. थर्मामीटर मात्र असायला हवा होता. का, ते पुढे येईलच.

सुरुवात रंगांपासून करू, कारण संचाची खरी जमेची बाजू तीच आहे.

अ‍ॅसिटोकारमाईन उत्तम आहे. कारमाईन हा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून मिळतो. तो ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात मंद आचेवर उकळून, थंड करून, गाळून हे द्रावण बनते. या द्रावणाची सोय अशी की आम्ल पेशीला स्थिर करते आणि फुगवते, रंग त्याच वेळी केंद्रकात उतरतो. स्थिर केलेल्या, नीट मऊ केलेल्या मुळाच्या टोकात हा रंग अर्ध्या तासात गडद लाल चढतो आणि पेशीद्रव्य फिकट गुलाबी राहते. असा फरक दिसला तर रंग चांगला. दोन्ही भाग सारखेच गुलाबी झाले तर एक तर रंग जुना आहे किंवा स्थिरीकरण फसले आहे.

बाटलीच्या तळाशी बारीक कण बसतात. रंग खराब झाल्याची ही खूण नव्हे, पण वापरण्याआधी गाळलाच पाहिजे. न गाळता टाकला तर हे कण पेशींवर काळ्या ठिपक्यांसारखे बसतात आणि नवखा विद्यार्थी त्यांनाच गुणसूत्रे समजून चित्र काढतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे : सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू हळूच फिरवा. कण पेशीच्या वरच्या पातळीत स्पष्ट होतो, गुणसूत्र पेशीच्या आतल्या पातळीत.

पत्रकात लोखंडाचा उल्लेख नाही. तो हवा होता. कारमाईनला केंद्रकात पक्के बसायला धातूची मदत लागते. १९२१ मध्ये बेलिंग यांनी याच कारणासाठी लोहयुक्त अ‍ॅसिटोकारमाईन वापरात आणले. आजही रंग फिका वाटला तर साध्या लोखंडी सुईने रंगाच्या थेंबात मूळ टोचून फोडावे, थेंब लालवरून जांभळट गडद होतो. संचातल्या सुया गंज न चढणाऱ्या पोलादाच्या आहेत, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. एखादी जुनी लोखंडी सुई जवळ ठेवावी. अतिरेक मात्र नको, लोह जास्त झाले की सगळा रंग साक्यासारखा खाली बसतो.

ऑर्सीन दगडफुलाच्या जातकुळीतल्या काही शैवाकांपासून (लायकेन) मिळते, कृत्रिमरीत्याही बनवतात. अ‍ॅसिटो-ऑर्सीनची पद्धत १९४१ मध्ये ला कूर यांनी मांडली. याला लोखंड लागत नाही आणि पेशीद्रव्य कारमाईनपेक्षा स्वच्छ राहते. जांभळट तांबडी गुणसूत्रे जवळजवळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसतात. पण संचातली बाटली जपून वापरावी लागते. जास्त तापवली की गाळ धरते, आणि आम्ल उडून गेले की स्लाइडच्या कडेने स्फटिक पसरतात. वर्गात एका वेळी वीस-तीस जण काम करणार असतील तर कारमाईन द्या. हात बसलेल्या दोन-चार जणांसाठी ऑर्सीन. दोन्ही बाटल्या एकाच संचात दिल्या हे योग्यच, कारण एकाच कांद्याच्या दोन मुळांची टोके दोन रंगांत पाहिली की ‘रंग धरणे’ हा गुण गुणसूत्राचा आहे, रंगाच्या एखाद्या विशिष्ट छटेचा नाही, हे न सांगता कळते.

इथे थोडे थांबून शब्दाकडे वळायला हवे.

१८८८ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डायर यांनी ‘क्रोमोसोम’ हा शब्द सुचवला. या वस्तू त्याआधीही दिसलेल्या होत्या. वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या मोठमोठ्या पेशींमध्ये त्यांची विभाजनातली हालचाल बारकाईने रेखाटली होती आणि १८८२ मध्ये ते काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. (हे पेनिसिलिनचे फ्लेमिंग नव्हेत.) केंद्रकातल्या रंग धरणाऱ्या द्रव्याला त्यांनी ‘क्रोमॅटिन’ म्हटले. त्या नावाबद्दल त्यांची भूमिका फार प्रामाणिक होती : या द्रव्याची रासायनिक ओळख पटेपर्यंत हा शब्द चालवून घ्यावा, तोवर त्याचा अर्थ एवढाच की केंद्रकातले सहज रंगणारे ते. म्हणजे नाव देणाऱ्यालाच ठाऊक होते की आपण वस्तूला तिच्या कामावरून नव्हे, तर आपल्या रंगाला तिने दिलेल्या प्रतिसादावरून ओळखतो आहोत. वाल्डायर यांनी तोच धागा पुढे नेला. विभाजनाच्या वेळी हे द्रव्य सुटे सुटे तुकडे होऊन दिसते, त्या प्रत्येक तुकड्याला नाव हवे होते. म्हणून रंग धरणारे शरीर, क्रोमोसोम. सोपे नाव देण्याची वाल्डायर यांना हातोटीच होती. मज्जापेशीसाठीचा ‘न्यूरॉन’ हा शब्दही त्यांनीच १८९१ मध्ये रूढ केला.

हे असे त्याच काळात का घडले, याचे उत्तरही रंगांच्या बाटल्यांत आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला गाजलेला कृत्रिम अ‍ॅनिलीन रंग बनवला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कापड रंगवण्यासाठी असे कितीतरी रंग निघाले आणि पेशी पाहणाऱ्यांनी ते उचलले. भिंगे सुधारली होती, रंग हाताशी आले होते. ज्या वस्तूला रंगाशिवाय पाहता येत नव्हते तिला रंगाचे नाव मिळाले.

मराठीतले ‘गुणसूत्र’ वेगळ्या दिशेने आले आहे. त्यात रंग नाही. गुण वाहून नेणारे सूत्र, असा तो अर्थ. गुणसूत्रे आनुवंशिक गुण वाहतात हे वॉल्टर सटन आणि थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२-०३ च्या सुमारास स्पष्टपणे मांडले, म्हणजे ‘क्रोमोसोम’ रूढ होऊन चौदा-पंधरा वर्षे झाल्यावर. त्यामुळे मराठी शब्दात नंतरचे ज्ञान साठलेले आहे. ग्रीक धातूंपासून बनलेल्या शब्दात शोधाची पद्धत आहे, मराठी शब्दात शोधाचे फळ. मराठीत ‘रंगसूत्र’ हाही शब्द आहे आणि तो मूळ शब्दाच्या जास्त जवळचा, पण गुणसूत्र रुळला, आणि तो अर्थाला जास्त न्याय देतो असे आमचे मत आहे. मात्र शिकवताना दोन्ही शब्द एकदा तरी शेजारी ठेवावेत. फक्त ‘गुणसूत्र’ ऐकलेल्या विद्यार्थ्याला इथे रंग लावायची एवढी यातायात कशासाठी, हे उमगत नाही. फक्त ‘रंगीत शरीर’ ऐकलेल्याला रंग आपण लावतो हेच कळत नाही.

पत्रकाची भाषा या बाबतीत ढिसाळ आहे. एकाच क्रियेला पहिल्या पानावर ‘मायटॉसिस’, दुसऱ्यावर ‘समसूत्री विभाजन’ आणि आकृतीखाली ‘सूत्री विभाजन’ म्हटले आहे. मराठी पाठ्यपुस्तकांतला शब्द ‘सूत्री विभाजन’ आहे आणि तो फार नेमका आहे. फ्लेमिंग यांनी ‘मायटॉसिस’ बनवला तो ‘मिटोस’ म्हणजे धागा या ग्रीक शब्दावरून, कारण विभाजनाच्या सुरुवातीला केंद्रकात धाग्यांचा गुंता दिसतो. सूत्र म्हणजे धागाच. इतके सरळ भाषांतर विज्ञानात क्वचित साधते, ते पत्रकात सांगितले असते तर दोन ओळींत काम झाले असते. अर्धसूत्री विभाजनाच्या नावात तर मराठीने मुळापेक्षा जास्त सांगितले आहे. ‘मायोसिस’चा ग्रीक अर्थ नुसता ‘घट’, किती घट ते त्यात नाही. मराठी शब्द ‘अर्ध’ म्हणून मोकळा होतो.

अवस्थांची नावे पत्रकात ठीक दिली आहेत. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. पहिल्या तीन नावांचे मूळ श्त्रासबुर्गर यांच्या १८८४ च्या कामात आहे, टेलोफेज (अंत्यावस्था) हा शब्द हायडेनहाइन यांनी १८९४ मध्ये जोडला. ‘टेलोस’ म्हणजे शेवट.

आता संचाची सर्वांत मोठी चूक : तयार स्थिरीकरण द्राव.

स्थिरीकरण म्हणजे पेशी ज्या क्षणी जशी आहे तशीच थांबवणे. त्यासाठी तीन भाग शुद्ध अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल असे मिश्रण वापरतात. हे वापरायच्या वेळीच बनवायचे असते. बनवून ठेवले की अल्कोहोल आणि आम्ल यांची हळूहळू अभिक्रिया होऊन एथिल अ‍ॅसिटेट तयार होते, आम्लाचे प्रमाण घटते आणि द्रावाची पकड सैल पडते. संचातल्या बाटलीचे झाकण उघडताच नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास आला तर तो याच एस्टरचा. अशा द्रावात ठेवलेल्या मुळांत गुणसूत्रांच्या कडा पुसट होतात, पूर्वावस्था आणि विश्रांतीतले केंद्रक यांतला फरक कळेनासा होतो, आणि दोष रंगाला दिला जातो. निर्मात्याने अल्कोहोल आणि आम्ल दोन वेगळ्या बाटल्यांत देऊन ‘मिसळा आणि लगेच वापरा’ एवढे छापले असते तर हा सगळा घोळ टळला असता.

लेबलवर या द्रावाला ‘कारनॉय’ म्हटले आहे. प्रयोगशाळांत असे म्हणायची सवय आहे खरी, पण कारनॉयच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रणात क्लोरोफॉर्मही असते : सहा भाग अल्कोहोल, तीन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग आम्ल. तीनास एक हे साधे मिश्रण फार्मर यांच्या नावाचे. हे तेच जॉन ब्रेटलंड फार्मर, ज्यांनी मूर यांच्याबरोबर १९०५ मध्ये ‘मायोसिस’ची संज्ञा दिली. पाठ्यपुस्तकातल्या शब्दाचा कर्ता टेबलावरच्या बाटलीच्या नावातही असतो, हे विद्यार्थ्यांना कळले तर बाटली आणि शब्द दोन्ही लक्षात राहतात.

म्हणून संचातला द्राव बाजूला ठेवा आणि ताजा बनवा. दहा-बारा मुळांना १० मिलिलिटर पुष्कळ झाला : ७.५ मिलिलिटर अल्कोहोल, २.५ मिलिलिटर आम्ल. ग्लेशियल आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, ‘ग्लेशियल’ हे नाव त्या बर्फासारख्या खड्यांवरूनच आले. थंडीत बाटलीत खडे दिसले तर ती खराब झालेली नाही. झाकण सैल करून कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होते. हातमोजे घाला, हे आम्ल कातडी जाळते. आणि हे मिश्रण दिव्याजवळ नेऊ नका, त्यातला तीन-चतुर्थांश भाग अल्कोहोल आहे.

मुळे कशी वाढवायची ते पत्रकात नीट दिले आहे. कांद्याची जुनी सुकलेली मुळे खरवडून काढायची, बुडाचा भागच पाण्याला टेकेल असा कांदा अरुंद तोंडाच्या भांड्यावर ठेवायचा, पाणी रोज बदलायचे. दोन-तीन दिवसांत दोनेक सेंटिमीटरची पांढरी मुळे येतात. यापेक्षा लांब होऊ देऊ नयेत. साठवणीत कोंब फुटू नयेत म्हणून प्रक्रिया केलेले कांदे या कामाला निरुपयोगी ठरू शकतात. मुळे आली तरी टोकातल्या पेशी विभागतीलच असे नाही. शंका असेल तर दोन-तीन वेगळ्या ठिकाणचे कांदे एकाच वेळी लावावेत.

कापायची वेळ सकाळची. आठ ते अकराच्या दरम्यान विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात असा अनुभव सर्वत्र सांगितला जातो, तरी खोलीचे तापमान, पाणी आणि कांद्याची जात यांनी हे बदलते. दुसऱ्या ठिकाणी काम करायचे असेल तर आधी एक दिवस दर तासाला दोन मुळे कापून आपली वेळ शोधावी. शेवटचा एक सेंटिमीटर कापून थेट द्रावात टाका, आधी पाण्यात धूत बसू नका. बारा ते चोवीस तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून शीतकपाटात ठेवली की कित्येक आठवडे वापरता येतात.

आता थर्मामीटर. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने घट्ट चिकटलेल्या असतात. ते सैल करण्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, आणि ते ६० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटे. पत्रक म्हणते, ‘आम्लात पाच मिनिटे ठेवा’. तापमानाचा उल्लेखच नाही. खोलीच्या तापमानाला पाच मिनिटांत या आम्लाने जवळपास काहीच होत नाही. मग दाबल्यावर पेशी पसरत नाहीत, चार-पाच थरांची चादर तशीच राहते आणि एकाखाली एक केंद्रके दिसतात. बहुतेकांच्या स्लाइड फसतात त्या इथे. एका चंचुपात्रात पाणी तापवून त्यात परीक्षानळी उभी करा, नळीतल्या आम्लाचे तापमान ६० झाल्यावरच मुळे टाका. नळीबाहेरच्या पाण्याचे तापमान मोजून भागत नाही. वेळ संपताच मुळे पाण्यात दोनदा धुवा, नाहीतर उरलेले आम्ल रंगाची पकड कमी करते. पंधरा मिनिटांवर गेलात तर मूळ चिमट्यात धरताच लिबलिबीत होऊन तुटते आणि रंगही फिका येतो. मूळ मऊ झाले आहे पण आकार टिकून आहे, ही योग्य खूण.

रंगवताना वॉच ग्लासमध्ये नऊ थेंब अ‍ॅसिटोकारमाईन आणि एक थेंब १ नॉर्मल आम्ल घेतात, हे प्रमाण पत्रकात बरोबर दिले आहे. आधीची पायरी नीट झाली असेल तर आम्लाचा तो थेंबही लागत नाही. वॉच ग्लास दिव्यावरून तीन-चारदा फिरवा, वाफ दिसू लागली की बाजूला. उकळी येता कामा नये. उकळल्यास आम्ल उडते, रंगाचा साका होतो आणि मूळ कडक होते. मग झाकून अर्धा तास ठेवा.

रंगलेल्या मुळाकडे पाहिले तर टोकाचे एक-दोन मिलिमीटर सर्वांत गडद दिसतात. ही विभाजी ऊती. पेशी लहान, केंद्रके मोठी, म्हणून रंग तिथे दाटतो. रंग आपल्याला कुठे कापायचे तेही दाखवतो. तेवढाच तुकडा ठेवायचा, बाकीचे मूळ टाकून द्यायचे. पुष्कळ जण अर्धा सेंटिमीटर ठेवतात आणि मग लांबट, चौकोनी, पूर्ण वाढलेल्या पेशी पाहून ‘यात विभाजनच नाही’ म्हणतात. अगदी टोकाला मूलटोपीच्या सैल पेशीही असतात, त्यांतही विभाजन शोधू नये.

तुकडा ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाच्या एका थेंबात घ्या, पाण्यात नव्हे. ही बाटली संचात वेगळी दिली आहे, याबद्दल निर्मात्याचे खरेच कौतुक. आम्लात पेशी फुगलेल्या राहतात आणि पार्श्वभूमी स्वच्छ होते. सुईने तुकडा विसकटा, कव्हर स्लिप तिरकी धरून हळू खाली सोडा, पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके हलके ठोका. पेशींचा ढग पसरताना डोळ्यांना दिसतो. मग टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच आडवी सरकली तर पेशी लोळतात, गुणसूत्रे ओढली जाऊन शेपट्यांसारखी दिसतात, आणि ती स्लाइड गेली.

कव्हर स्लिपबद्दल थोडी नाराजी आहे. पाकिटावर जाडी छापलेली नाही आणि मोजल्यास त्या एकसारख्या नाहीत. ४० पट भिंग बहुधा ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी बनवलेले असते. काच जाड असली की प्रतिमा धुरकट होते, फार पातळ असली तर अंगठ्याखाली तडकते. ‘दीड नंबर’च्या कव्हर स्लिप वेगळ्या मागवाव्यात. हा किरकोळ बदल वाटतो, पण ४० पटीखाली गुणसूत्राच्या दोन जुळ्या धाग्यांमधली (क्रोमॅटिडांमधली) फट दिसणे न दिसणे याच्यावर ठरते. आणखी एक फुकटची सुधारणा : प्रकाशाच्या वाटेत हिरवी काच ठेवा. लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे गुणसूत्रे जवळजवळ काळी दिसतात आणि कडा उठून येतात.

पत्रकाच्या शेवटी एक आश्वासन आहे : ‘कांद्याची १६ गुणसूत्रे मोजा.’ संख्या बरोबर आहे. पण या संचाने ती मोजणे जवळजवळ अशक्य आहे, आणि हे खरेदीआधी कळायला हवे. नुसत्या रंगवलेल्या मुळात मध्यावस्थेतली गुणसूत्रे पेशीच्या मधोमध एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली असतात. कांद्याची गुणसूत्रे लांब आहेत, त्यामुळे गुंता जास्त. मोजायचे तर स्थिरीकरणाआधी मुळे ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सीक्विनोलीनच्या द्रावणात तीन-चार तास ठेवावी लागतात. त्याने तुर्कतंतू (विभाजनात गुणसूत्रे ओढणारे तंतू) मोडतात, गुणसूत्रे आखूड होतात आणि पेशीभर सुटी पसरतात. मग प्रत्येकाचा गुणसूत्रबिंदू (त्याच्या भुजा जिथे जोडलेल्या असतात ती जागा) वेगळा दिसतो, आणि मोजायचे ते बिंदूच, भुजा नव्हेत. हे रसायन संचात नाही.

गुणसूत्रांच्या अभ्यासात हे रसायन १९५० मध्ये आणले ते जो-हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी. १९५६ मध्ये माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे दाखवणारेही हेच दोघे. त्याआधी तीस वर्षांहून अधिक काळ ४८ हा आकडा मानला जात होता. रंग तेव्हाही चांगले होते. कमी होती ती गुणसूत्रे सुटी करण्याची. पेशी फुगवणारे सौम्य द्रावण, तुर्कतंतू मोडणारे रसायन आणि नीट दाबलेली काच हे सगळे जुळून आल्यावर आकडा दुरुस्त झाला. जगातल्या निष्णात हातांना जे पसरवल्याशिवाय मोजता आले नाही ते विद्यार्थ्याला नुसत्या रंगाने मोजायला सांगणे अन्यायाचे आहे. पत्रकातले ते वाक्य काढावे, किंवा रसायनाची बाटली द्यावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे रसायन वापरलेल्या मुळांत पश्चावस्था जवळपास सापडत नाही, कारण गुणसूत्रे ओढायला तंतूच उरत नाहीत. म्हणून मुळांचे दोन गट करावेत. सर्व अवस्था पाहण्यासाठी साधी मुळे, मोजण्यासाठी प्रक्रिया केलेली. साध्या मुळांत पूर्वावस्था सर्वांत जास्त सापडतील, पश्चावस्था सर्वांत कमी. एखाद्या स्लाइडवर एकही पश्चावस्था मिळाली नाही म्हणून ती टाकून देऊ नये, शेजारचे दहा-पंधरा दृश्यपट्टे आधी पाहावेत.

जाहिरातीत हा संच ‘डीएनए रंजना’साठी म्हटला आहे. हा दावा स्वीकारू नये. कारमाईन आणि ऑर्सीन गुणसूत्रे सुंदर दाखवतात, पण ते डीएनएपुरते निवडक नाहीत. त्यासाठी १९२४ मध्ये फॉयलगेन आणि रोसेनबेक यांनी दिलेली पद्धत आहे. तीत गरम आम्लाने डीएनएतले काही भाग सुटे करून शिफ अभिकर्मकाने उरलेल्या गटांना किरमिजी रंग आणतात. त्या पद्धतीत आम्लाची वेळ मिनिटागणिक महत्त्वाची असते आणि अभिकर्मक अंधारात, थंड ठेवावा लागतो. केंद्रकातल्या डीएनएचे प्रमाण मोजायचे असेल तर तो संच वेगळा घ्यावा. आकार आणि अवस्था पाहायच्या असतील तर कारमाईन पुरे.

झालेली स्लाइड काही दिवस टिकवायची असेल तर कव्हर स्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करून थंड जागी ठेवा. आडवी ठेवा, उभी नको.

पहिल्यांदा प्रयोग बसवणाऱ्या शाळेने वा महाविद्यालयाने हा संच जरूर घ्यावा. दोन्ही रंग, ४५ टक्के आम्ल आणि साहित्य एका जागी मिळणे ही मोठी सोय आहे. पण डबा आल्याबरोबर स्थिरीकरण द्रावाच्या लेबलवर ‘वापरू नये’ असे लिहावे, कारमाईन गाळून गडद बाटलीत भरावे, आणि पत्रकातल्या ‘आम्लात पाच मिनिटे’ या ओळीवर ‘६० अंश, आठ ते दहा मिनिटे’ अशी चिकटपट्टी लावावी. पहिल्या वाक्यातही एक शब्द बदलावा : ‘रंगीत शरीर’ खोडून ‘रंग धरणारे शरीर’. दुसऱ्या खेपेला पूर्ण संच मागवण्याचे कारण नाही. फक्त अ‍ॅसिटोकारमाईनची बाटली, ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन आणि दीड नंबरच्या कव्हर स्लिप एवढेच पुरते.